अप्पांची बनगरवाडी

निवृत्त झालेली माणसं हास्यक्लबात जातात, नाहीतर सोसायटीची सेक्रेटरी होतात. तिसरा प्रकार कागद कापतो. आमचे अप्पा त्यातले. सध्या त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तलं मेंढपाळांचं गाव कागदातून कापायला घेतलं आहे.

१९५५ सालची ही कादंबरी त्यांना इतकी पाठ आहे, की गावच्या तालमीचं दार कुठल्या बाजूला यावर खुद्द माडगूळकरांशीही त्यांनी हुज्जत घातली असती. तालीम काडेपेटीएवढी, मेंढी हरभऱ्याएवढी. कागदाची बारीक पट्टी सुईवर घट्ट गुंडाळायची, अलगद सोडायची, की झाली लोकर. मग टाचणीच्या टोकावर राहील तेवढंच फेविकॉल घेऊन चिमट्याने एकेक पाय चिकटवायचा. तोवर घरात कुणी शिंकायचं नाही आणि ऐन मे महिन्यातही पंखा लावायचा नाही.

कच्चा माल म्हणजे लग्नपत्रिका. "कार्ड झकास होतं हो, अडीचशे जीएसएमचं!" हा त्यांचा वधूपित्याला आहेर. हल्ली आमंत्रणं व्हॉट्सॲपवर येतात, याला ते संस्कृतीचा ऱ्हास म्हणतात.

कागद कापणारे अप्पा काही एकटेच नाहीत. २०११ साली एडिंबरात एका बाईने जुनी पुस्तकं कापून दहा कागदशिल्पं केली आणि वाचनालयांत, संग्रहालयांत गुपचूप ठेवून दिली. पहिलं, कागदाचं झाड, स्कॉटिश पोएट्री लायब्ररीत सापडलं. मी हे सांगितलं, तर 'पुस्तकं कापली' म्हटल्यावर अप्पांनी कानांवर हात ठेवले. बाईने नाव सांगितलं नाही, हे कळल्यावर मात्र ते खरे हादरले. "नाव नाही? मग एवढा खटाटोप कशाला?" त्यांच्या तालमीपेक्षा तिच्याखालची सही मोठी आहे.

गेल्या उन्हाळ्यात जावईबापूंनी घाम पुसत बटण दाबलं. कादंबरीत दुष्काळाने गाव उठतं, इथे पाचवरच्या पंख्याने उठलं. मेंढ्या सोफ्याखाली, देव्हाऱ्यात, एक तर जावयाच्या चहात. जावईच, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. काकू निमूटपणे केरसुणी घेऊन आल्या, तेव्हा अप्पा दारात आडवे झाले. "केर काढायचा नाही! कळप आहे तो!"

त्यातल्या काही मेंढ्या अजून बेपत्ता आहेत. तुमच्याकडे जाड पत्रिका पडून असतील, तर रद्दीत घालू नका, अप्पांना आणून द्या. सोनेरी किनारीच्या असल्या तर फारच छान. कादंबरीतल्याप्रमाणे तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब यायचे आहेत आणि त्यांच्या पोशाखाला जर कमी पडतेय.