फीत आधी कुठे लावायची?

पहाटे पाचला जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीच्या रस्त्यावर निघालात तर दोनच गोष्टी आडव्या येतात : उसाच्या ट्रॉल्या आणि पोलीस भरतीची पोरं. पोरं सोळाशे मीटर मारतात, पोरी आठशे. गोळा फेकतात, दंड काढतात, कच्ची अंडी घशाखाली ढकलतात. दम वाढतो. छाती ७९ ची फुगवून ८४ होते. पण एक गोष्ट कुठल्याच अकॅडमीत वाढत नाही. उंची. अट मुलांना १६५ सेंटीमीटर, मुलींना १५५. फीत लागते आणि चार वर्षांची पहाट पाच सेकंदांत आटोपते. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो हे शास्त्र या पोरांना तोंडपाठ आहे. त्यामुळे मैदानावर ज्याला त्याला सकाळचा नंबर हवा असतो.

आता जगाचा हिशेब पाहू. दोनशे देशांच्या शंभर वर्षांच्या उंचीचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९९६ साली जन्मलेला भारतीय पुरुष सरासरीनं १६५ च्या आसपास भरतो. म्हणजे भरतीची अट हीच देशाची सरासरी. साधारण निम्मी पोरं धावायच्या आधीच बाद. भारतीय स्त्रीची सरासरी १५३ देखील नाही आणि अट १५५ ची, म्हणजे देशातली सरासरी मुलगी पोलीस खात्याला चालतच नाही. त्याच वर्षी जन्मलेली दक्षिण कोरियातली सरासरी मुलगी १६२ ची आहे. ती आपल्या मैदानावर मान खाली घालून उभी राहिली तरी पास होईल.

यावर पारावरच्या तज्ज्ञांचं मत ठरलेलं असतं : रक्तातच असतं हो ते. हाडच तसं.

बरं, मग शंभर वर्षं मागं जाऊ. १८९६ साली जन्मलेली कोरियन बाई सरासरी १४२ सेंटीमीटरची, म्हणजे चार फूट आठ इंच. त्या दोनशे देशांत ती १९६ वी, जगातल्या सर्वांत बुटक्या बायकांपैकी एक. आपली पणजी तेव्हा १४७-१४८ ची होती. दोघी पाणवठ्यावर शेजारी उभ्या राहिल्या असत्या तर आपली पणजीच उंच दिसली असती. पुढच्या शंभर वर्षांत त्या वीस सेंटीमीटर वाढल्या. जगात एवढ्या कुठल्याच देशाच्या बायका वाढल्या नाहीत. १९६ वरून थेट ५५ वा नंबर. आपल्या वाढल्या पाच. शंभर वर्षांत रक्त बदलत नसतं आणि कोरियानं उंच जावई हॉलंडहून मागवलेले नव्हते.

तरीही रक्ताचा हट्ट असेल तर वरचा कोरिया बघा. भाषा एक, आडनावं एक, आजोबा एक. १९४५ मध्ये मधून रेघ ओढली गेली. त्याआधी उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडच्यांपेक्षा थोडे उंचच भरायचे. आज उत्तरेचा तरुण दक्षिणेच्या भावापेक्षा कित्येक सेंटीमीटर बुटका आहे. रेघेनं हाड बदललं नाही, ताट बदललं.

दक्षिणेनं काही जादू केली नाही. कोरियन युद्धानंतर तिथं खायचे वांधे होते. शाळेत परदेशी मदतीची दूध पावडर आणि पाव वाटले जायचे. तेव्हाची त्यांची गरिबी आपल्यासारखीच होती. पण १९५० च्या सुमारास त्यांनी जमिनी खरोखर वाटल्या (आपण कायदे वाटले), पुढं पोरी शाळेत घातल्या, पाणी स्वच्छ केलं, पोरं कमी आणि अंतरानं होऊ दिली. अंडं, दूध, मांस ताटात हळूहळू आलं. यात हुकूमशाहीही होती, त्यामुळे आरती ओवाळायची गरज नाही. पण ताटाचा विषय तिथं किती गंभीर आहे ते सांगतो. २०११ मध्ये शाळेतलं फुकट जेवण सगळ्याच मुलांना द्यायला सोलचे महापौर ओ से-हून यांचा विरोध होता. त्यांनी त्यावर जनमत घेतलं. मतमोजणी करण्याइतकेही लोक मतदानाला आले नाहीत, आणि साहेबांना राजीनामा द्यावा लागला. पोरांच्या जेवणावरून राजधानीच्या महापौराची खुर्ची गेली.

आपल्याकडे अंड्याची खुर्ची जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणलं. न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद झाले. अंडं द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. लोकसहभागाला घनसावंगी तालुक्यात तोटा नाही. लोकसहभागातून कमान होते, सप्ताह होतो, सत्कार होतो. पण सप्ताहाच्या पावतीपुस्तकात ‘अंडी : अडीचशे’ असं लिहून घेणारा मुख्याध्यापक मला दाखवा. मी त्याचा सत्कार करतो, स्वखर्चानं.

याच तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. शरीर कमवा, गावोगाव मारुती उभा करा, असं सांगणारा संत इथला. मारुती उभे राहिले. कुठल्याशा मारुतीच्या पाराशेजारी गळक्या खोलीत अंगणवाडी भरते. ताई पोराला पट्टीला टेकवते, उंची मोबाईलमधल्या ॲपमध्ये भरते, रेंज आली तर ती वर जाते. मूल ‘खुजं’ निघालं तर ॲपमध्ये त्याचा रंग बदलतो. ताटाचा बदलत नाही.

कारण पोर एक आणि खाती चार. सहा वर्षांपर्यंत ते महिला व बालविकासचं. आजारी पडलं की आरोग्याचं. पाटी-दप्तर घेतलं की शालेय शिक्षणाचं. घाण पाण्यानं जुलाब लागले तर पाणीपुरवठ्याचं. जुलाबाचं पोर खाल्लेलं अंगी लावून घेत नाही, हे आजीला कळतं. फाइलला कळत नाही. २०१९ ते २०२२ या काळात राज्याचे आरोग्यमंत्री घनसावंगीचेच आमदार होते, राजेश टोपे. करोनाच्या काळात घरोघरी त्यांचा चेहरा पोचला. पण अंगणवाडीची पट्टी त्यांच्या खात्यात नव्हतीच. ऊसतोडीला आई-बाप गेले की पोरही कोयत्यामागं जातं आणि सहा महिने ते कुठल्याच खात्यात नसतं.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही, राग त्याचाच येतो. मराठवाड्यातच जमलं होतं. तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी तेव्हाच्या औरंगाबाद विभागात काम सुरू केलं आणि त्यातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं. जालना त्याच विभागातला. मिशनचा मोठा भर होता तो यावर : गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे हजार दिवस. पुढं ते राज्यभर गेलं. राज्यात दोन वर्षांखालची खुजी मुलं २००५-०६ मध्ये ३९ टक्के होती, २०१२ च्या पाहणीत ती २४ टक्क्यांवर आली. जगभर त्याचं कौतुक झालं. कौतुक झालं की आपण निर्धास्त होतो. पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ झालं. या काळात राज्याचं उत्पन्न वाढलं, गाड्या वाढल्या, फ्लेक्स तर केवढे वाढले. पोरं तेवढी वाढली नाहीत.

म्हणून अठराव्या वर्षी भरतीच्या मैदानावर पोराच्या डोक्यावर पट्टी टेकवून ‘बाद’ म्हणणारं सरकार मला भलतंच विनोदी वाटतं. ज्या हजार दिवसांत उंची ठरते, त्या दिवसांत याच सरकारचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

कोरियावाले सुखी आहेत म्हणाल तर तेही नाही. २००९ मध्ये तिथल्या टीव्हीवर एका विद्यार्थिनीनं सांगून टाकलं की १८० सेंटीमीटरखालचे पुरुष म्हणजे हरलेले. तिथली सरासरी १७५, म्हणजे बहुतेक देशच हरला. काही पुरुषांनी त्यावर नुकसानभरपाई मागितली. आता तिथं पोरांना उंचीसाठी संप्रेरकांची इंजेक्शनं टोचून घेणारे आई-बाप आहेत.

आपल्याकडे इंजेक्शनची गरज पडत नाही. लग्नाच्या बायोडाटात मुलगा पाच-पाचचा पाच-सात होतो, तोही एका रात्रीत आणि झेरॉक्सच्या खर्चात. मराठवाड्यात इतक्या वेगानं उंची वाढवणारी दुसरी योजना माझ्या पाहण्यात नाही.