हॉलमधले सेन्सॉर बोर्ड

घरात चित्रपट चालू असताना आई किंवा वडील जे बोलतात, त्याला घरगुती चित्रपटसमीक्षा म्हणतात. ही समीक्षा चित्रपटाच्या आधी सुरू होते, चित्रपट चालू असताना थांबत नाही आणि चित्रपट संपल्यावर जेवणाच्या ताटापर्यंत येते. वृत्तपत्राच्या समीक्षकाला निदान अख्खा चित्रपट पाहावा लागतो, पालकांवर ते बंधन नाही. मध्ये वीस मिनिटे डुलकी लागली तरी मताला बाध येत नाही, कारण मुळात हे मत चित्रपटाबद्दल नसतेच. पडद्यावर कोणाचेही लग्न मोडत असो, पालक बोलत असतात ते सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाशी. एवढे ध्यानात ठेवले की या समीक्षेतल्या सगळ्या विसंगतींचा उलगडा होतो.

या प्रथेची सुरुवात दूरदर्शनपासून धरावी लागते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागे, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी चाळ लोटे. त्या काळात समीक्षेला फारसा वाव नव्हता, कारण दूरदर्शन दाखवील ते पाहायचे एवढाच पर्याय होता. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने येऊ लागला आणि पालकांच्या हाती निवड आली. एका रात्रीत भाडे वसूल करायचे म्हणून तीन कॅसेट आणल्या जात. पहिली देवाधर्माची किंवा कौटुंबिक, दुसरी मारामारीची, आणि तिसरी लागेपर्यंत मुले झोपलेली असावीत अशी अपेक्षा असे. घरगुती वर्गवारीचा पाया या क्रमाने घातला. पुढे केबल आली, केबलपाठोपाठ रिमोट आला आणि मताला अंमलबजावणीचे बळ मिळाले.

सरकारी वर्गवारी याहून निराळी आहे. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. १९८३ पर्यंत ‘यू’ आणि ‘ए’ अशी दोनच प्रमाणपत्रे मिळत. त्या वर्षी ‘यूए’ आणि डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यावसायिकांसाठीचे ‘एस’ यांची भर पडली. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटभाग केले. घरचे मंडळ मात्र वय पाहत नाही, हॉलमध्ये कोण बसले आहे ते पाहते. आजी आतल्या खोलीत असेपर्यंत जो चित्रपट चालतो, तो तिने चष्मा शोधत बाहेर पाऊल टाकताच प्रौढांसाठीचा होतो. जावई आलेले असले तर बातम्या लावणेच सुरक्षित समजले जाते. ओटीटीसाठीच्या २०२१ च्या नियमांनुसार तेरा वर्षांवरील वर्गांच्या आशयाला पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. ते कुलूप कसे लावायचे हे पालकांना माहीत नसते, म्हणून ते मुलाकडून लावून घेतले जाते आणि पुढे प्रत्येक वेळी पिन त्यालाच विचारला जातो.

मंडळाची बैठक साधारण रात्री साडेआठला भरते. आई खाली वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला बसते. तिची नजर काड्यांवर आणि कान पडद्याकडे असतात, त्यामुळे चित्रपट तिला संवादांतून आणि किंकाळ्यांतून कळतो. दर दहा मिनिटांनी “हा मेला ना मघाशी?” असा प्रश्न येतो. मेला तो जुळा भाऊ होता, हे सांगितले की “मग सांगायचं ना” असे उत्तर मिळते. वडिलांकडे नटांच्या ओळखपरेडीचे खाते असते. “हा त्याच्यात नव्हता का, तो रे, विहिरीत पडतो तो,” इथून निघालेली चौकशी त्या नटाची सासुरवाडी आपल्या सांगलीकडची असल्याच्या माहितीपाशी थांबते. तोवर कोणीतरी चित्रपट थांबवलेला असतो. त्यावर “लाव की, थांबवलास कशाला?” अशी विचारणा होते.

चुंबनदृश्य ही या बैठकीतली आणीबाणी होय. वडील घसा खाकरतात, आईला गॅस बंद केला की नाही ते पाहायचे असते, मुलगी फोनमध्ये डोके घालते आणि रिमोट नेमका उशीखाली गेलेला असतो. तो सापडल्यावर चित्रपट दहा सेकंद पुढे ढकलला जातो आणि दहा सेकंदांनंतरचे दृश्य आधीपेक्षा अवघड निघते. याच चित्रपटात चौदा माणसे कोयत्याने कापली जात असताना कोणीही जागचे हलत नाही. मेथी शांतपणे निवडली जाते.

कौटुंबिक चित्रपट या मंडळाला सर्वांत प्रिय. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) हा तीन तासांहून मोठा आणि चौदा गाण्यांचा चित्रपट अनेक घरांत आदर्श मानला जातो. “घर असं पाहिजे,” असे वडील म्हणतात. “एवढ्या माणसांची भांडी कोण घासतं?” असे आई म्हणते. दोन्ही विधाने सुनेच्या उपस्थितीत केली जातात आणि दोन्हींचा रोख तिला बरोबर कळतो.

याच वर्गातला ‘बागबान’ (२००३) हा चित्रपट राहिला नसून दस्तऐवज झाला आहे. निवृत्त बापाने पुंजी चार मुलांवर खर्च केलेली असते, आणि ती मुले आईला एकीकडे व वडिलांना दुसरीकडे अशी सहा-सहा महिन्यांची वाटणी करतात. मराठी पालकांना ही गोष्ट नवी नव्हती. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’मध्ये (१९५४) म्हाताऱ्या जोडप्याची अशीच ताटातूट होते. ‘अवतार’ (१९८३) आणि ‘तू तिथे मी’ (१९९८) हेही त्याच वाटेने गेले. प्रत्येक पिढीतल्या पालकांनी मुलांना शेजारी बसवून आपापल्या काळातला चित्रपट दाखवला, आणि ती मुले पालक झाल्यावर त्यांनी पुढचा दाखवला. चित्रपट संपल्यावर मायेची, त्यागाची चर्चा होत नाही. “जिवंत असेपर्यंत फ्लॅट कोणाच्या नावावर करायचा नाही,” एवढा ठराव आवाजी मतदानाने मंजूर होतो. मुलगा त्या वेळी पाणी प्यायला उठलेला असतो.

शिक्षणविषयक चित्रपटांवरची मते दुहेरी असतात. ‘तारे जमीं पर’ (२००७) पाहताना आईचे डोळे भरून येतात, मुलांवर दडपण आणू नये हे तिला मनापासून पटते आणि श्रेयनामावली सरकत असतानाच “गणिताचा तो धडा झाला का रे?” असे ती विचारते. ‘थ्री इडियट्स’मधून (२००९) मुलांनी ‘आवडेल ते करावे’ हा बोध घेतला. त्यातला फरहान इंजिनीअरिंग सोडून वन्यजीव छायाचित्रणाकडे वळतो, हा मुलांचा मुद्दा. पालकांनी तोच चित्रपट अधिक बारकाईने पाहिलेला असतो. परीक्षेत पहिला कोण येतो? फरहानचा मित्र रँचोच ना? अखेरीस पेटंट कोणाच्या नावावर निघतात? म्हणजे आधी पहिला नंबर काढावा, मग काय ते आवडते करावे. या युक्तिवादाला तोड नाही, कारण तो चित्रपटात खरोखरच आहे.

नीतिमत्तेच्या प्रश्नात ‘दृश्यम’चे (हिंदी आवृत्ती, २०१५) उदाहरण पाहण्यासारखे आहे. गोव्यातला चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर कुटुंबाला वाचवण्यासाठी प्रेत दडवतो, पुरावा नष्ट करतो, साक्षीदारांच्या डोक्यात तारखा भरवतो आणि पोरीबाळींना पोलिसांसमोर खोटे बोलायला शिकवतो. एरवी पार्किंगच्या पावतीवरून सोसायटीच्या सभेत दीड तास भांडणारे वडील या सगळ्याला मान डोलावतात. “बाप असा असावा.” त्यांना सर्वाधिक भावते ती पणजीच्या सहलीची तिकिटे आणि बिले जपून ठेवण्याची शिस्त. विजेचे १९९७ चे बिल फाइलमध्ये का ठेवले आहे, या घरातल्या जुन्या प्रश्नाला त्यामुळे परस्पर उत्तर मिळते.

‘सैराट’वर (२०१६) मंडळ मोकळेपणी बोलत नाही. पहिल्या अर्ध्यात गाण्यांवर पाय हलतात आणि नायिका आर्ची बुलेट चालवते तेव्हा कौतुकही होते. शेवटी मुलीच्या माहेरची माणसे येऊन काय करून जातात ते पाहिल्यावर घरात कोणी बोलत नाही, आणि मग मत येते: “घाई केली पोरांनी.” हातात शस्त्र भावाच्या होते आणि दोष घाईवर गेला. जातीचा शब्द उच्चारला जात नाही. त्याच आठवड्यात मुलीच्या स्थळांसाठी विवाहमंडळाच्या अर्जात ‘पोटजात’ हा रकाना मात्र अचूक भरला जातो.

परदेशी चित्रपटांकडे पालक घरगुती नजरेने पाहतात आणि काही वेळा मूळ दिग्दर्शकाहून खोल जातात. ‘होम अलोन’मध्ये (१९९०) पॅरिसला निघालेले कुटुंब आठ वर्षांच्या केव्हिनला घरीच विसरते. जगभर ही विनोदी गोष्ट समजली जाते, मराठी आईला मात्र ती गुन्ह्याची हकिकत वाटते. निघताना डोकी मोजली होती, पण शेजारचे पोर धरून मोजली, हे कळल्यावर तिचा संताप वाढतो. नंतरचे चोर, सापळे, आपटाआपट तिच्या दृष्टीने गौण. घरभर तोडफोड चालू असताना तिला काळजी असते ती पोराने दोन दिवस काय खाल्ले याची. ‘द लायन किंग’ (१९९४) वडिलांना पाचव्या मिनिटाला उमगतो. चुलता, पुतण्या, बळकावलेली जागा आणि लहान वयात परागंदा झालेला वारस हे त्यांच्या ओळखीचे प्रकरण असते. “भाऊबंदकी आहे ही. सातबारावर पोराचं नाव वेळेत चढवायला हवं होतं.” सिंहाच्या राज्यात तलाठी नसतो, या हरकतीची नोंद घेतली जात नाही.

‘आमच्या वेळचा स्वच्छ विनोद’ हा या समीक्षेतला सर्वांत पक्का सिद्धांत. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने दादा कोंडके यांचे ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि ‘पांडू हवालदार’ (१९७५) जत्रेच्या तंबूत शिट्ट्या मारत पाहिले. दादांच्या वाक्याला दोन अर्थ असत आणि त्यांपैकी एक नेहमी सोज्वळ असे, त्यामुळे सेन्सॉरची पंचाईत होई. ती पिढी आता सोज्वळ अर्थच आपल्याला कळला होता असे सांगते. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) तर घरोघरी पाठ आहे, आणि नटाच्या आधी संवाद म्हणणे हा पालकांचा हक्क समजला जातो. ‘बीवी और मकान’वरून (१९६६) घेतलेल्या या चित्रपटात अविवाहित तरुणांना पुण्यात कोणी जागा देत नाही, म्हणून दोघांना साड्या नेसाव्या लागतात. पोट धरून हसणारे वडील सोसायटीच्या कमिटीवर असतात, आणि ‘बॅचलरना फ्लॅट भाड्याने देऊ नये’ या खालच्या फलकावरच्या सूचनेखाली त्यांचीच सही असते.

मंडळाचे निर्णय ठरावीक शब्दांत दिले जातात. “बरा आहे” ही सर्वोच्च श्रेणी आहे, तिच्या वर काहीही नाही. “टाइमपास आहे” म्हणजे आवडला, पण मान्य करायचे नाही. “गाणी चांगली होती” म्हणजे बाकी काही लक्षात राहिले नाही, आणि “शेवट नीट दाखवला नाही” म्हणजे शेवटी झोप लागली होती. “कशाला काढतात असले?” हा नापसंतीचा ठराव झाला. सर्वांत गंभीर निर्णय “तुम्ही बघा, मी जातो पडायला” हा होय. तो दिल्यावर वडील उठतात, बेडरूमच्या दारापर्यंत जातात आणि चौकटीला टेकून उरलेला पाऊण तास उभ्याने पाहतात. बसायला सांगितले तर “नको, जातोच आहे” असे म्हणतात.

या निर्णयांवर अपील करता येत नाही. मात्र मंडळाच्या अनुपस्थितीत ते लागू राहत नाहीत. मुले नाकारलेला चित्रपट कानात इअरफोन घालून आपल्या फोनवर पाहतात, हे पालकांना ठाऊक असते. पालकही तो दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहतात, आणि ढकललेली दहा सेकंदेही त्यात येतात. एकट्याने पाहताना ते एक शब्द बोलत नाहीत, कारण सांगायला समोर कोणी नसते. ओटीटीवर मात्र पाहिल्याची नोंद राहते. संध्याकाळी ती मुलाच्या नजरेस पडली तर “आपोआप लागला असेल” असा खुलासा करण्यात येतो, आणि मुलगाही कुलपाचा पिन आपणच लावलेला असल्यामुळे तो खुलासा मान्य करतो.