खांबावरची नोकरी

चाकणला तळेगाव चौकातून महाळुंग्याकडे वळलात की नोकऱ्याच नोकऱ्या. विजेच्या दर खांबावर एक. 'त्वरित पाहिजेत, हेल्पर. दहावी पास/नापास. बस, कॅन्टीन फ्री. रूमची सोय. डायरेक्ट जॉइनिंग.' खाली मोबाइल नंबर. कंपनीचं नाव तेवढं नाही. एवढ्या जागा भरायच्या आहेत आणि नाव सांगायला लाज वाटते, ही कसली कंपनी?

फोन केला की 'ऑफिसला' बोलावतात. ऑफिस म्हणजे पत्र्याचा गाळा, काचेचं दार आणि एक रजिस्टर. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे. मग मेडिकलचे, मग युनिफॉर्मचे, मग बुटांचे. जॉइनिंग उद्या. उद्या गेलं की परवा. परवा गाळ्याला कुलूप. नोकरीत पैसे मालकाने द्यायचे असतात एवढं साधं गणित पोरं त्या गाळ्यात शिरताना विसरतात, कारण लातूरहून ट्रॅव्हल्सने येऊन तिसरा दिवस उजाडलेला असतो आणि रूमवाल्याला डिपॉझिट हवं असतं.

तसं सरकारने १९५९ सालीच कायदा केला होता. २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी कारखान्याने रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवायच्या. आणि त्याच कायद्यात पुढे लिहिलं होतं की कळवायच्या, पण तिथूनच भरल्या पाहिजेत असं नाही. पत्रिका द्यायची, पंगतीला बसवायचं नाही. त्या एक्स्चेंजचं आता 'कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' झालंय. पाटी लांबली, रांग महास्वयं पोर्टलवर गेली. नोंदणी जरूर करा, फुकट आहे. काही सरकारी योजना तिथूनच मिळतात. २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १०. आधी ६ महिने, ओरड झाल्यावर ११. बाराव्या महिन्यात पुन्हा तळेगाव चौक.

रोजगार मेळाव्याला मंडप असतो, मंत्री असतात, बायोडाटाचे गठ्ठे असतात. संध्याकाळी प्रेसनोटमध्ये 'प्राथमिक निवड' झालेल्यांचा आकडा येतो. त्यातले गेटच्या आत किती गेले, याची प्रेसनोट कधी पाहिलीय?

मग पोरं लागतात कशी? मेसमध्ये. वासुली फाट्यावर रात्री उशिरा सेकंड शिफ्टची पोरं भात कालवत असतात आणि कुणीतरी म्हणतं, "आमच्या लाइनला दोघं कमी आहेत, सुपरवायझर विचारत होता. फिटर आहे का रे कोण?" संपली जाहिरात. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं होतं, कळलं कुठून? निम्म्याहून अधिक म्हणाले, ओळखीतून. आणि ती ओळखही जिवाभावाची नव्हे. कधीमधी भेटणाऱ्या माणसाची. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. आपल्याकडे पोरगं गावाहून निघतं ते सख्ख्या मामाचा नंबर घेऊन. मामा वर्षभर 'बघू' म्हणतो. शेजारच्या ताटावरचा परभणीचा पोरगा, ज्याचं आडनावही माहीत नाही, सोमवारी सकाळी गेटवर नेऊन उभा करतो. तेव्हा मेस निवडताना भाजी थोडी पातळ असली तरी चालेल, गिऱ्हाईक कोणत्या कंपन्यांचं आहे ते बघा.

आयटीआय झालेल्यांनी अप्रेंटिसशिप सोडू नये. १९६१ च्या कायद्याने ३० किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात आणि करारावर नाव कारखान्याचं असतं. नंतर ठेवून घेण्याची सक्ती नाही, हेही ऐकून ठेवा. पण मशिनवर हात बसतो आणि सुपरवायझर चेहऱ्याने ओळखतो, ते खांबावर मिळत नाही.

राहिला प्रश्न लागलेल्यांचा. गावी सगळे विचारतात, "कुठं लागला?" पोरगा झोकात कंपनीचं नाव सांगतो. पहिला पगार झाला की मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडा आणि आस्थापनेचं नाव वाचा. ज्या कंपनीचा टी-शर्ट घालून गेटसमोर काढलेला फोटो स्थळांना पाठवलात, तिचं नाव बहुधा तिथं नसतं. असतं ठेकेदाराच्या कुठल्यातरी 'एंटरप्रायझेस'चं. आणि पासबुकच उघडत नसेल, तर त्या एंटरप्रायझेसचा गाळा अजून उघडा आहे का, ते आधी बघून या.