हजार दिवसांचा घाट

कोयनानगरला संध्याकाळ होते ती सूर्य मावळल्यामुळे नव्हे. पश्चिमेचा डोंगरच घरातल्या थोरल्यासारखा उजेडासमोर येऊन बसतो, आणि मग कुणाचं काही चालत नाही. त्या वेळी नाना पडवीत पायांना तेल चोळत असतात. यंदा दिवाळीला माझी पुतणी आली ती मोबाइलमध्ये एक चेतापेशी घेऊन. उंदराच्या गर्भातून काढलेली, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, अंगाच्या उबेइतक्या उबेत वाढवलेली. शेजारच्या मांजरीचं पिल्लू दाखवावं तशा मायेनं तिनं ती आम्हाला दाखवली. काळ्या पडद्यावर एक बारीक रेघ, म्हणजे अक्षतंतू, आणि तिच्यावरून सरकणारे उजेडाचे ठिपके. काही पुढे चाललेले, काही मागे, आणि बरेचसे काहीतरी घरी विसरल्यासारखे जागीच उभे.

"ही तर कुंभार्ली घाटातली रात्र," नाना म्हणाले.

खरंच घाट तो. पेशीच्या मुख्य भागात तयार झालेला माल टोकाकडे नेतं कायनेसिन नावाचं प्रथिन. दोन पायांचा हमाल, पाऊल आठ नॅनोमीटरचं. परतीचं ओझं डायनीनकडे. कायनेसिन १९८५ मध्ये सापडलं, तेही माकुळाच्या जाड चेतातंतूंच्या अभ्यासातून. त्या माकुळाचा आम्ही चिपळूणच्या बाजारात फक्त भाव विचारत आलो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीच्या चेतातंतूंत चक्क वाहतूककोंडी पाहिली. तिथेही काही ठरावीक जागी माल तुंबतो. "हेळवाकच्या पुढे गाडी बंद पडली, की असंच," नाना समाधानानं म्हणाले. आपली गैरसोय विश्वव्यापी आहे हे कळलं, की माणसाला किती बरं वाटतं!

पण त्यांना खरा भावला तो १९४८ चा प्रयोग. पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी चेतातंतू मध्येच आवळले, तर आवळल्या जागेच्या वरच्या अंगाला ते फुगले. धरणामागे पाणी साठावं तसे. नानांची उभी हयात धरणाच्याच १०३ मीटर उंचीच्या भिंतीच्या सावलीत गेलेली. ते सावरून बसले.

"सैल केल्यावर विसर्ग किती?"

"दिवसाला एक-दोन मिलिमीटर, आजोबा."

क्युसेकमध्ये जन्म काढलेला माणूस बराच वेळ गप्प राहिला. पुतणीनं सांभाळून घेतलं. घाईचा माल दिवसाला चारशे मिलिमीटरपर्यंत जातो, कमरेतून निघाला तर दोन-तीन दिवसांत पायाच्या बोटाशी. पण तंतूचा सांगाडा ज्यांनी बनतो, ती प्रथिनं रमतगमत जातात, रोज एखादा मिलिमीटर. मीटरभराच्या वाटेला हजार दिवस.

"हजार," नाना म्हणाले. मग, कुणाकडेही न बघता, "तुझी आजी जाऊन आता दोन वर्षं झाली. म्हणजे ती होती तेव्हा निघालेलं अजून वाटेतच असेल."

पुतणी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नानांनी कमरेपासून पायावर वीत टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, वर दोन बोटं. हात गुडघ्याखाली नडगीवर येऊन थांबला. वाटीत तेल थोडंच उरलं होतं. ते सगळं त्यांनी तिथंच चोळलं.