बारा पॉइंट सहा

दोन बॅटऱ्यांचा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. पार्किंगमध्ये थार, टपावर कॅरिअर, मागे फावडं आणि तोंडात आकडा. “काय, बरं आहे ना?” विचारलं की “बारा पॉइंट सहा” म्हणतो तोच. ही तब्येत बॅटरीची. उभ्या गाडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, 12.2 वर आली की निम्मी संपलेली, आणि मग गृहस्थांची भूकही निम्मी. भाचीच्या साखरपुड्यात तो खिडकीलगतची खुर्ची धरतो, कारण गाडीतल्या बॅटरी-मॉनिटरचं ब्लूटूथ तिथपर्यंतच पोचतं. विहीणबाई मानपानाबद्दल विचारतात आणि हा मोबाइलमध्ये बघून समाधानाने सांगतो, “बारा पॉइंट सहा.”

लोक त्याला हसतात ते दोन बॅटऱ्यांसाठी, आणि नेमकं तिथेच लोकांचं चुकतं. स्टार्टरची बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी केलेली असते. रात्रभर हळूहळू रिकामी होणं तिला मानवत नाही. कॅम्पिंगसाठी गाडीत ठेवलेला चाळीस लिटरचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना चारपाच अँपिअर ओढतो. मधल्या विश्रांती धरल्या तरी आपल्या उकाड्यात एका रात्रीत वीसेक अँपिअर-तास सहज जातात. गाडी दोन रात्री एकाच जागी उभी राहणार असेल तर तिसऱ्या सकाळी किल्ली फिरवताना देव आठवतो. म्हणून फ्रिजला वेगळी, दुसरी बॅटरी. ऑस्ट्रेलियात दोन वस्त्यांमध्ये शेकडो किलोमीटर ओसाड रान असतं, म्हणून तिथे या व्यवस्थेचा एवढा बोलबाला. पण रोज दीडदोनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीची बॅटरी अल्टरनेटर रोजच भरतो. हसायचंच असेल तर याला हसा, की पवना धरणाकाठी एक रात्र काढणाऱ्या माणसाने ऑस्ट्रेलियाची तयारी केली, आणि तीही रात्रींचा हिशेब मांडण्याआधी.

“मग साधा रिले लावायचा, एवढं काय?” असं अ‍ॅक्सेसरीजवाला म्हणतो. आपला गृहस्थ नको म्हणतो, आणि इथे मात्र तो बरोबर आहे. हा रिले साधारण 13.3 व्होल्टला दोन बॅटऱ्या जोडतो आणि 12.8 च्या आसपास तोडतो. जुना अल्टरनेटर चौदाच्या घरात स्थिर राहायचा, तेव्हा हे ठीक होतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, आणि इंधन वाचवण्यासाठी मधूनच व्होल्टेज उतरवणारे अल्टरनेटर आता बऱ्याच गाड्यांत असतात. मग रिले जोड-तोड करत बसतो आणि दुसरी बॅटरी अर्धपोटी राहते. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जरच हवा. आत काहीही येवो, तो बॅटरीला हवं तेवढंच व्होल्टेज देतो. लिथियमचंही तसंच. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी बारा किलोंच्या आसपास भरते, लेड-अ‍ॅसिड तीसच्या. म्हणून मोह होतो. पण बॉनेटखालची धग तिला सोसत नाही आणि शून्याखाली ती चार्ज करता येत नाही, म्हणजे स्पितीच्या थंडीत सकाळी पंचाईत. ती मागे ठेवावी, म्हणजे वायर लांब, म्हणून जाड, म्हणून महाग. एवढ्यापेक्षा डब्याएवढा जंप स्टार्टर स्वस्त पडेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर तो विचारतो, “त्यातही बॅटरीच असते ना? ती किती व्होल्टला आहे?”

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करावी लागते. त्याला हसणाऱ्यांच्या गाड्यांत फॉग लॅम्पच्या वायरी थेट बॅटरीला पिळून लावलेल्या असतात, वर चिकटपट्टी. त्याच्या गाडीत दोन बॅटऱ्यांमधल्या वायरीला दोन फ्यूज आहेत, प्रत्येक टर्मिनलपासून वीतभर अंतरावर एकेक, कारण ही वायर दोन्हीकडून जिवंत असते आणि कुठेही घासली तरी पेटू शकते. ते फ्यूज कुणाला दिसत नाहीत आणि त्यांची बढाई तो कधी मारत नाही. पोरं आता मोठी झाली, कॅम्पिंगला येत नाहीत. फ्रिजमध्ये बायकोने दिलेल्या ताकाची एकच बाटली असते, तरी फ्यूज जागच्या जागी आहेत.

तेव्हा दुसरी बॅटरी बसवायचीच असेल तर दुकानात जाण्याआधी त्याला गाठा, आणि गाडी सलग किती रात्री एका जागी उभी राहणार ते आधी सांगा. उत्तर “एकही नाही” असेल तर त्याचा चेहरा पडेल, पण “नको बसवू” असं तो स्वतःच सांगेल. अ‍ॅक्सेसरीजवाला सांगणार नाही.