चतुःसीमेचे धनी

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेला गृहस्थ कोणत्याही गावी चालण्यावरून ओळखू येतो. परंतु वसमतच्या आमच्या वसाहतीत या कोटीतले जे रावसाहेब नांदतात, त्यांच्या दारावर पुण्याच्या चिरंजीवांनी कॅमेरा बसवून दिल्यापासून, हयातभर परक्यांच्या हद्दी कायम करण्यात खर्ची पडलेली त्यांची विद्या प्रथमच स्वतःच्या अंगणात कारणी लागली आहे.

अशा स्वस्तातल्या कॅमेऱ्यास चोर आणि सज्जन यांतला विवेक नसतो. या क्षणाचे चित्र मागल्या क्षणाच्या चित्राशी ताडून पाहावे, आणि प्रकाशाचे पुरेसे ठिपके बदललेले दिसले की हालचाल झाल्याची वर्दी द्यावी, एवढीच त्याची अक्कल. त्यामुळे पहिल्या रात्री हळद भरून बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांचे दिवे भिंतीवरून फिरले, लिंबाची फांदी हलली, कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यावर किडे जमले व त्या किड्यांच्या लोभाने एका कोळ्याने थेट भिंगासमोरच बिऱ्हाड मांडले, तेव्हा या प्रत्येक इसमाची स्वतंत्र दखल घेत रावसाहेबांचा फोन पहाटेपर्यंत वाजत राहिला.

दुसरा कोणी वैतागून कॅमेरा बंद करता. रावसाहेबांनी मोजणी काढली! फोनच्या पडद्यावर बोटाने चौकोन आखून कॅमेऱ्याने कोठे लक्ष द्यावे हे ठरवता येते, असे कळताच त्यांनी चष्मा पुसला, पूर्वेस लिंब, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता अशी चतुःसीमा कागदावर उतरवली आणि मगच पडद्यास बोट लावले. लिंब वगळला, रस्ता वगळला, संवेदनक्षमतेची पट्टी दोन घरे खाली आणली. कोळ्यास मात्र कुंच्याने बेदखल करावे लागले, कारण तो कोणत्याच गटात बसेना.

“रावसाहेब, आमचं दार दिसायलं का त्याच्यात?” समोरच्या वहिनींनी विचारले.

“आपला उंबरठा क्षेत्रातून कमी करण्यात आला आहे,” रावसाहेब म्हणाले, आणि वहिनींना आपले काही जप्त झाले की काय, अशी शंका दिवसभर छळत राहिली.

आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे; प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्याही अत्यल्प अंशाइतकी हालचाल टिपण्याची प्रतिज्ञा! मी हे मोठ्या कौतुकाने सांगितले, तेव्हा रावसाहेबांनी इतकेच विचारले, “ट्रॅक्टरचं काय करणार?” हा प्रश्न अडाण्याचा नव्हे, वाहनांची थरथर अशा यंत्रांस खरोखरच भोवते, आणि शास्त्रज्ञ त्याचसाठी निवांत जागा धुंडाळत फिरतात.

एकच अडचण उरली. वर्दी पुण्यासही जात असे. रावसाहेबांस मधुमेह, सायंकाळी फिरून ते फाटकात शिरतात न शिरतात तोच चिरंजीवांचा फोन आला, “बाबा, त्या पुड्यात काय आहे?”

पुड्यात जिलबी होती. रावसाहेबांनी ती शांतपणे संपवली, हात धुतले, आणि फाटकापासून ओसरीपर्यंत भिंतीच्या कडेची, एक मनुष्य अंग चोरून जाईल एवढी पट्टी त्याच रात्री क्षेत्रातून वगळून वहीत शेरा मारला : पोटखराब.