विहिरीच्या काठावरचे प्राध्यापक

कोकणातल्या आंजर्ल्यात पाण्याबद्दलचा सल्ला मागावा लागत नाही. तो येतोच, आणि मे महिन्यात तर पाण्यापेक्षा मुबलक येतो. विहिरीच्या काठावर कुणी टेप घेऊन वाकलेलं दिसायचा अवकाश, वाटेने जाणारा थांबतो, सायकल कुंपणाला टेकवतो आणि शिकवायला लागतो. हजेरी नाही, परीक्षा नाही, तास कधी संपेल याची खात्री नाही.

माझी पुतणी पुण्यात जलविज्ञान शिकते. गेल्या मे महिन्यात ती आली ती आमच्या आळीतल्या विहिरींची पातळी मोजायला. (आंबे खाल्ले, तो भाग वेगळा.) हा विषय शिकणाऱ्या मुलांना हल्ली अभ्यासाला काही कमी नाही. टॉडचं भूजलावरचं १९५९ सालचं पुस्तक नव्या आवृत्तीत मिळतं. आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. पुतणी ही मंडळी दीडपट वेगाने ऐकते, त्यामुळे सगळे विद्वान शेवटची एसटी चुकेल म्हणून धावत बोलल्यासारखे वाटतात. गणित अडलं तर वरच्या वर्गातली मुलं बसून सोडवून देतात. शिवाय इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, दापोलीत, कृषी विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तिथे मृद व जलसंधारणाचा स्वतंत्र विभाग आहे. गणिताचा तर इथे प्रश्नच येऊ नये, कारण शेजारच्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. गणितात कच्चं राहणं म्हणजे इकडच्या पाण्याचा अपमान, असं आमच्याकडे मानतात.

पहिल्याच विहिरीवर शेजारच्या काकू आल्या. "काय गो, मोजत्येस ते ठीक. पण मोटर दोन तासांच्या वर लावू नको हो, पाणी मचूळ होतं."

पुतणी काकूंकडे बघतच राहिली. आदल्याच रात्री तिने हाच धडा वाचला होता. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं, म्हणून किनाऱ्यालगत जमिनीखाली ते खाऱ्यावर तरंगून असतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर ढोबळ हिशेबाने खाली चाळीस फूट असतं. खायबेन नावाच्या डच लष्करी अभियंत्याने आणि पुढे १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मनाने हे मांडलं. हिशेब उलटाही लागतो. वरचं फूटभर उपसून खाली नेलंत, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. पुतणीने हे उत्साहाने समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "तेच तर मी म्हणत्ये." खायबेनचं नाव त्यांनी मनावर घेतलं नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, आता मी पुस्तकं समुद्रात टाकायला सांगणार. मुळीच नाही. याच काकूंचं दुसरं मत असं, की टेकडीवर, कड्यावरच्या गणपतीच्या देवळाच्या पायथ्याशी उगम पावणारा झरा फक्त त्यांच्याच विहिरीत येतो. पलीकडच्या घरीही हेच मत आहे, फक्त विहीर त्यांची. एका घरी पाणी शोधताना तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून कूपनलिका पाडली. तिच्यावर आता झाकण आहे आणि झाकणावर तुळशीची कुंडी. अनुभवातलं कुठलं घ्यावं आणि कुठलं हात जोडून सोडावं, हे कळायला टॉडच लागतो. गणपतीची गोष्ट मात्र मी सोडणार नाही. मूळ देऊळ समुद्रकाठी होतं, समुद्र पुढे सरकला तेव्हा देव टेकडीवर गेला, असं सांगतात आणि वाटेत उमटलेलं पाऊलही दाखवतात. धोका ओळखून वेळेवर हललेला दुसरा कुणी आमच्या गावात मला तरी माहीत नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. पुतणीने एका आजोबांना विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात पाणी किती खाली गेलं होतं?"

"बरंच."

"म्हणजे किती?"

"पोहरा खडखडायचा."

वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं? दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्यातून आणि उतारावरून तो समुद्राला मिळतो, आणि वैशाखात आम्ही आभाळाकडे बघतो. हे वर्षानुवर्षं चाललंय, पण आमच्या विहिरींचा आकडा कुणाकडे नाही. आमच्या घरात कुलवृत्तांत आहे. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला किती नारळ दिले याच्या जुन्या वह्या आहेत. कोणत्या साली कोणत्या कलमाला किती आंबे लागले हेही सापडतं. विहिरीची एक ओळ नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निवडक विहिरींची पातळी घेते, पण ती तुमच्या परसात कशाला येईल?

शिकणाऱ्या मुलांना मदत करायची असेल, तर सल्ला थोडा कमी करून एवढं करा. दर पौर्णिमेला सकाळी, मोटर लावायच्या आधी, दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. खूण दरवेळी काठावरच्या एकाच दगडावरून धरा. तारीख घाला, आदल्या दिवशी मोटर किती वेळ चालली तेही लिहा. नारळाच्या वहीतच शेवटची चार पानं त्यासाठी ठेवा. आणि आकड्याच्या जागी 'बरंच' लिहू नका.